हुकूम कोणाचा? : स्पेनच्या यादवीतील दोन सेना



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला बोलावले तेव्हा मी कामगार कायद्यांवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. पण कायद्यांवर मी वर्षाचे बारा महिने कारखान्याच्या दारात उभा राहून बोलतच असतो. वसंतात तरी त्यातून आपली आणि माझी सुटका व्हावी, म्हणून मी हा विषय मागून घेतला. मी लष्करी तज्ज्ञ नाही. बंदूक मी पोलिसांच्या खांद्यावरच पाहिली आहे. शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते पाळी संपल्यावर नगर वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा माझ्या बोलण्यात पंडिताची सफाई आपणांस आढळणार नाही. पण गेली तीस वर्षे माणसे एकत्र आणणे, ती एकत्र ठेवणे आणि एकत्र असताना त्यांच्याकडून काही काम तडीस नेणे हाच माझा व्यवसाय आहे. सैन्य उभे करणाऱ्यालाही हेच करावे लागते. फरक इतकाच, की आमच्याकडे चूक झाली तर पगार बुडतो आणि तिकडे जीव जातो.

स्पेनची यादवी १९३६ च्या जुलैत सुरू झाली आणि १९३९ च्या एप्रिलमध्ये संपली. तिच्यावर ग्रंथांचे डोंगर रचले गेले आहेत. मला त्यातला एकच धागा हाती घ्यावयाचा आहे. जी संघटना माणसांनी आपखुशीने उभारली, जिच्यात प्रत्येकाला हात वर करण्याचा अधिकार आहे, तिच्यावर एके दिवशी अचानक लढाई येऊन पडली तर हुकूम कोणी द्यावयाचा आणि तो का मानावयाचा? स्पेनमध्ये हा प्रश्न गवंड्यांच्या, नानवाल्यांच्या, न्हाव्यांच्या पुढे उभा राहिला, आणि त्याचे उत्तर शोधायला त्यांना दोनचार दिवसही मिळाले नाहीत.

प्रथम परिस्थिती सांगतो. फेब्रुवारी १९३६ च्या निवडणुकीत डाव्या आणि उदारमतवादी पक्षांची आघाडी निवडून आली. जमीनदार, बडे कारखानदार, चर्चमधील वरिष्ठ आणि लष्करातील मोठा गट यांना ती मान्य नव्हती. १७ जुलैला स्पॅनिश मोरोक्कोतील मेलिया येथे लष्कराने बंड पुकारले आणि दुसऱ्या दिवशी ते मुख्य भूमीवर पसरले. इकडे माद्रिदमध्ये एका दिवसात तीन पंतप्रधान झाले. पहिल्याने राजीनामा दिला, दुसऱ्याने काही तास बंडखोरांशी तडजोडीची खटपट केली, आणि तिसऱ्याने, होसे हिराल याने, कामगार संघटनांना शस्त्रे वाटण्याचा हुकूम काढला.

सरकारचे सारे सेनापती फितूर झाले होते अशी आपल्याकडे समजूत आहे. तसे नव्हते. देशाच्या आठ लष्करी विभागांच्या प्रमुखांपैकी बंडात सामील झाला तो एकच, सारागोसाचा काबानेयास. बंड केले ते त्यांच्या हाताखालच्या मधल्या फळीने. वरच्या साहेबाला कोंडून ठेवले किंवा गोळी घातली आणि पलटण ताब्यात घेतली. कारखाना खरोखर कोणाच्या हातात असतो हे ज्याने पाहिले आहे त्याला याचे आश्चर्य वाटणार नाही. मॅनेजर वर बसतो. खाते चालते ते मुकादमाच्या शब्दावर.

यावर सरकारने एक चमत्कारिक फर्मान काढले : ज्या पलटणींचे अधिकारी बंडात सामील असतील तेथील शिपायांची आज्ञापालनातून मुक्तता केली आहे, त्यांनी खुशाल घरी जावे. बंडखोरांच्या मुलखात हा कागद पोहोचलाच नाही. पोहोचला तेथे कोणी मानू दिला नाही. मात्र सरकारच्या ताब्यातील शहरांत शिपाई खरोखरच घरी गेले. म्हणजे सरकारने स्वतःच्या हाताने स्वतःचे सैन्य विसर्जित केले! १९ जुलैच्या सकाळी सरकारपाशी कायदा होता, तिजोरी होती, बहुतेक मोठी शहरे होती. फक्त सैन्य नव्हते. अशा वेळी, ज्यांच्याकडे माणसांची यादी आहे, निरोप पोहोचवण्याची यंत्रणा आहे आणि ज्यांचा शब्द माणसे मानतात, अशा दोनच संस्था उभ्या होत्या. एक यू. जी. टी., म्हणजे समाजवाद्यांचा १८८८ सालचा जुना कामगार महासंघ. आणि दुसरी सी. एन. टी., म्हणजे राज्यसंस्थाच नको म्हणणाऱ्या अराज्यवादी कामगारांची, १९१० साली बार्सिलोनात स्थापन झालेली संघटना. या दोघांचे आपसांत फारसे पटत नसे. हे ऐकून आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर हसू आले ते मला इथून दिसते आहे.

आरमाराची हकिकत मला या साऱ्या इतिहासात फार मोलाची वाटते. माद्रिदजवळच्या आरमारी बिनतारी केंद्रावर बेंहामिन बाल्बोआ नावाचा एक तारवाला कामावर होता. १८ जुलैच्या सकाळी फ्रांकोचा बंडाचा संदेश पुढे सर्वत्र पाठवण्यासाठी त्याच्याकडे आला. त्याने तो पुढे न पाठवता सरकारला कळवला, आपल्या वरिष्ठाला अटकेत टाकले, आणि मग एकेका जहाजावरच्या तारवाल्याला गाठून खलाशांना सावध केले. खलाशांनी अधिकाऱ्यांविरुद्ध उठून बहुतेक लढाऊ जहाजे सरकारच्या बाजूला ठेवली. एका तंत्रज्ञाने, आपल्या टेबलावरून आलेला कागद वाचून त्याचा अर्थ समजून घेतला, एवढीच ही गोष्ट. या उठावात अनेक अधिकाऱ्यांची निर्घृण हत्या झाली, आणि पुढे जहाजांवर समित्यांचा कारभार आला. समितीने चाललेले जहाज बंदरात ठीक असते. रात्री समुद्रात शत्रूला गाठण्याच्या कामी ते कमी पडले, हेही सांगितले पाहिजे.

आता कामगारांची पथके. माद्रिदमध्ये रायफली वाटल्या गेल्या, पण त्यांतल्या बहुतेकींना बोल्टच नव्हते. बोल्ट वेगळे काढून माँतान्या नावाच्या छावणीत ठेवलेले, आणि ती छावणी बंडखोरांच्या हातात. २० जुलैला लोकांनी ती छावणी मोठे बलिदान देऊन घेतली. बार्सिलोनात सी. एन. टी.च्या कामगारांनी, आणि हे विसरता कामा नये, त्यांच्याबरोबर सरकारशी एकनिष्ठ राहिलेल्या पोलिसांनी, दोन दिवसांत बंड मोडले. चारच दिवसांनी, २४ जुलैला, दुरुती नावाचा रेल्वेतील मेकॅनिक हजारो माणसांचा तांडा घेऊन सारागोसा जिंकायला निघाला. १९१७ च्या संपात त्याची नोकरी गेली होती. तेव्हापासून अर्धे आयुष्य तुरुंगात आणि परागंदा अवस्थेत गेलेले. मोटारी आणि ट्रक यांना पोलादी पत्रे ठोकून चिलखती गाड्या केलेल्या. हिस्पानो-सुईझाच्या मोटारींच्या कारखान्यात कामगारांनी त्या स्वतःच्या देखरेखीखाली तयार केल्या.

या तांड्याची रचना पाहा. पंचवीस जणांचा गट, चार गटांचे शतक, पाच शतकांचा संघ. प्रत्येक पायरीवरचा प्रमुख खालच्यांनी निवडलेला आणि खालच्यांनीच काढावयाचा. हुद्दे नाहीत, सलाम नाहीत, बिल्ले नाहीत. सरकारी बाजूच्या पथकांना रोज दहा पेसेटा मिळत. साध्या शिपायाला तेवढेच आणि अनेक पथकांत प्रमुखालाही तेवढेच. फ्रांकोच्या साध्या शिपायाला याच्या निम्मेही मिळत नसे. ही सगळी रचना कोठून आली? ती संप समितीची रचना आहे! खात्याचा प्रतिनिधी, त्यावर विभागाचा, त्यावर मध्यवर्ती समिती. जे येत होते ते त्यांनी केले; दुसरे करायला त्यांना वेळ कोठे होता?

ही पथके हास्यास्पद होती असे लष्करी लेखक लिहितात. जॉर्ज ऑरवेल यांनी मात्र, आणि ते स्वतः त्यांत लढले होते, तसे लिहिलेले नाही. बिहारमधील मोतिहारीला जन्मलेल्या या इंग्रज लेखकाने १९३७ च्या वसंतात आरागोन आघाडीवर गळ्यातून आरपार गोळी खाल्ली आणि परत जाऊन १९३८ साली पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की पथकांतली शिस्त समजावून आणावी लागे, त्याला वेळ लागे, पण एकदा आली की ती टिके. आणि शस्त्रांवाचून, प्रशिक्षणावाचून महिनोन्‌महिने आघाडी धरून बसणे हेच तिच्या टिकाऊपणाचे गमक होते. माझ्या अनुभवाला हे पटते. नव्या कामगाराला संपाचे कारण समजावून सांगायला रात्र घालवावी लागते, पण ज्याला ते समजले तो तिसऱ्या आठवड्यात कामावर परतत नाही.

तरीही पथके उघड्या मैदानात मोडली हे खरेच आहे. शहरातल्या गल्लीत प्रत्येक कोपरा ओळखीचा असतो. माळरानावर शत्रू बगलेने वळसा घालून मागे आला, की 'आपण कोंडले गेलो' अशी ओरड होई आणि सारे एकदम मागे फिरत. खंदक खणणे हे भ्याडाचे काम असे अनेकांना वाटे. बांधकामाच्या कामगारांनी भरलेल्या शहरात कुदळी पडून राहाव्यात आणि माणसे उघड्यावर मरावीत! शिवाय हजेरीपटाचे दुखणे होते. काही पथकप्रमुख असतील त्याहून जास्त माणसांचा पगार आणि शिधा उचलत, त्यामुळे आपली माणसे किती हे युद्धमंत्र्यालाही नक्की माहीत नसे. कारण वेगळे, पण खोट्या हजेरीची विद्या सर्व देशांत सारखीच दिसते. आणखी एक गोष्ट : सुरुवातीस पथकांत स्त्रियाही रायफल घेऊन होत्या, शरद ऋतूपासून त्यांना आघाडीवरून परत बोलावून स्वयंपाकघरात, इस्पितळात आणि कारखान्यात पाठवण्यात आले. याबाबत त्यांचे मत कोणी विचारल्याचे दिसत नाही.

आता पलीकडची बाजू. फ्रांकोपाशी आफ्रिकेतले सैन्य होते. तेच स्पेनचे खरे लढाऊ सैन्य. त्यात एक होता १९२० साली उभारलेला परदेशी लीजन आणि दुसऱ्या मोरोक्कन शिपायांच्या पलटणी. आरमार हातातून गेल्याने ते सामुद्रधुनीपलीकडे अडकले होते. हिटलरने वाहतुकीची विमाने दिली, आणि जुलैअखेरपासून दोन-अडीच महिन्यांत तेरा हजारांच्या वर शिपाई हवेतून स्पेनमध्ये उतरवण्यात आले. तीन महिन्यांत हे सैन्य सेव्हिलहून माद्रिदच्या वेशीशी येऊन ठेपले.

या मोरोक्कन शिपायांबद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे. दहाबारा वर्षांपूर्वीच याच स्पॅनिश लष्कराने रीफच्या डोंगरात अब्द-अल-करीमचे स्वातंत्र्ययुद्ध चिरडले होते. त्याच डोंगरातील उपाशी घरांतून आता पगाराच्या आणि धान्याच्या आशेने भरती झाली. युद्धभरात सत्तर हजारांच्या वर मोरोक्कन फ्रांकोसाठी लढले. परक्या राजाचा खाकी डगला घालून दूरदेशी मरणाऱ्यांची गावे आपल्या साताऱ्या-कोल्हापुराकडे कमी नाहीत. आपल्याला हे निराळे समजावून सांगायला नको. सप्टेंबर १९३६ मध्ये मोरोक्कोचे राष्ट्रवादी प्रतिनिधी बार्सिलोनाला आले होते. आम्हांला स्वायत्तता जाहीर करा, म्हणजे फ्रांकोच्या पिछाडीला आम्ही बंड उठवतो, असा त्यांचा प्रस्ताव होता. कातालोनियाच्या कामगार समितीला तो मान्य होता. माद्रिदच्या सरकारने तो स्वीकारला नाही, कारण शेजारच्या मोरोक्कोत फ्रेंचांचे राज्य होते आणि फ्रान्सला दुखवावयाचे नव्हते. फ्रान्सने मोबदल्यात काय दिले? हस्तक्षेप न करण्याचा करार, म्हणजे कायदेशीर सरकारला शस्त्रे विकण्यास बंदी. माझ्या मते या युद्धातली ही सर्वांत महागडी चूक. आणि ती शिस्तीच्या अभावाने झालेली नाही. ती चांगल्या शिकलेल्या, शांत डोक्याच्या मंत्र्यांनी केली.

फ्रांकोच्या बाजूसही पथके होतीच. तांबड्या टोप्या घातलेले कार्लिस्ट, म्हणजे जुन्या राजघराण्याच्या एका शाखेचे कट्टर धार्मिक पाठीराखे. आणि निळ्या सदऱ्यांचे फालांजिस्ट, म्हणजे फॅसिस्ट. त्यांचेही एकमेकांशी जमत नव्हते. तेथे हुकमाचा प्रश्न कसा सुटला? १ ऑक्टोबर १९३६ ला फ्रांको सर्व सैन्यांचा प्रमुख आणि राष्ट्रप्रमुखही झाला. डिसेंबरात सर्व पथके लष्करी कायद्याखाली आणली गेली. कार्लिस्टांच्या पुढाऱ्याने आपल्या अधिकाऱ्यांसाठी स्वतंत्र लष्करी विद्यालय काढण्याचा घाट घातला, तेव्हा त्याला देशाबाहेर जावे लागले. १९ एप्रिल १९३७ ला दोन्ही पक्ष एका फर्मानाने एकत्र करण्यात आले. फालांजचा तेव्हाचा प्रमुख एदिया, हा मूळचा मेकॅनिक, कुरकुरला. त्याला आठवड्याच्या आत अटक आणि पुढे फाशीची शिक्षा झाली, जी नंतर कमी करण्यात आली. या पद्धतीने एकी पटकन होते यात शंका नाही.

पण फ्रांकोच्या व्यवस्थेत एक गोष्ट होती जिची दाद दिली पाहिजे. पलटणी वाढल्या की धाकट्या अधिकाऱ्यांची टंचाई पडते. त्याच्या लोकांनी शिकलेल्या तरुणांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन हंगामी सेकंड लेफ्टनंट नेमण्याची शाळाच काढली. त्यांत जर्मन शिक्षकही होते. असे वीस हजारांहून कितीतरी अधिक अधिकारी तयार झाले. ते इतके मरत, की त्यांच्याच छावण्यांत एक थट्टा प्रचलित झाली : नेमणूक हंगामी, प्रेत मात्र कायम. हंगामी आणि कायम या दोन शब्दांवर आयुष्य घालवलेल्या मला ती थट्टा वाचून हसू आले नाही. सरकारी बाजूला धाडसी पुढारी पुष्कळ होते आणि वर काही उत्तम सेनानी होते. उणीव होती ती याच मधल्या माणसाची. नकाशा वाचणारा, तीस जणांना कोठे झोपवावयाचे, पाणी कोठून आणावयाचे हे पाहणारा तो मधला माणूस. आमच्या चळवळीतही भाषण करणारे दहा मिळतात. पावतीपुस्तक नीट ठेवणारा एक मिळत नाही.

सप्टेंबर १९३६ मध्ये यू. जी. टी.चा सरचिटणीस लार्गो काबायेरो पंतप्रधान झाला आणि युद्धखातेही त्याने आपल्याकडे घेतले. हा मूळचा गिलावा करणारा कारागीर. पथकांचे रूपांतर 'लोकसेने'त करण्याचे फर्मान त्याचेच. ऑक्टोबरात पहिल्या सहा 'मिश्र ब्रिगेडी' उभ्या राहिल्या. चार पायदळ पलटणी आणि त्यांच्याबरोबरच त्यांची स्वतःची तोफ, सुरुंगवाले, वाहतूक, दवाखाना, असे जणू एकेक छोटे सैन्यच. कल्पना चांगली, पण त्यात कचेरीची आणि सरंजामाची माणसे फार आणि खंदकात रायफल धरणारी त्या मानाने थोडी असे झाले. प्रत्येक अधिकाऱ्याच्या बरोबरीने एक कमिसार नेमण्यात आला. जुना लष्करी अधिकारी फितूर तर होत नाही ना, हे त्याने पाहावयाचे. आणि शिपायांना जेवण, कपडे, टपाल मिळते की नाही हेही त्यानेच पाहावयाचे. चांगला कमिसार म्हणजे चांगला युनियन प्रतिनिधीच. वाईट कमिसार म्हणजे पक्षाचा सभासद-नोंदणी कारकून. आणि तेही पुष्कळ होते.

नव्या सैन्याला पहिली परीक्षा माद्रिदलाच द्यावी लागली. ६ नोव्हेंबरला सरकार व्हॅलेन्सियाला निघून गेले. जाताना दोन सेनापतींना बंद लिफाफे दिले, सकाळी सहापूर्वी उघडू नयेत अशी ताकीद देऊन. त्यांनी न जुमानता ते रात्रीच उघडले, तेव्हा कळले की लिफाफ्यांची अदलाबदल झाली आहे! मियाहा याला मिळाले होते दुसऱ्याचे हुकूम. ताकीद पाळली असती तर राजधानी गेली असती. म्हणजे हुकूम मोडणे हेही कधी कधी शिस्तीत बसते. मियाहाच्या हाताखाली व्हिसेंते रोहो नावाचा कट्टर कॅथलिक, धंदेवाईक अधिकारी होता. त्याने एका रात्रीत कोठे कोण आहे याचा हिशेब लावला. संघटनांनी आपापल्या धंद्यांची माणसे बोलावली. न्हाव्यांची पलटण होती, छापखानेवाल्यांची होती, नानवाल्यांची होती. ८ तारखेला आंतरराष्ट्रीय ब्रिगेडची पहिली तुकडी येऊन पोहोचली. फ्रांकोची माणसे विद्यापीठाच्या इमारतींत शिरली आणि तिथेच अडकली. माद्रिद पुढे अडीच वर्षे पडले नाही. याच दिवसांत माद्रिदच्या तुरुंगांतील दोन हजारांहून अधिक कैदी पाराकुएयोस येथे नेऊन ठार मारण्यात आले. आपली म्हणून ज्या बाजूबद्दल मी बोलतो आहे त्या बाजूने हे केले, म्हणून ते सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही.

सिप्रियानो मेरा हा माद्रिदचा गवंडी. सी. एन. टी.च्या बांधकाम संघटनेचा पुढारी. बंड झाले तेव्हा तो बांधकाम कामगारांच्या संपापायी तुरुंगात होता, तेथून सुटून सरळ लढाईवर गेला. हुद्दा, सलाम, गणवेश या सर्वांना त्याचा विरोध. माणूस आपल्या जबाबदारीने लढतो अशी त्याची श्रद्धा. शरद ऋतूभर त्याने पाहिले की काही माणसे जबाबदारीने लढतात आणि काही रात्री उठून घरी जातात. आणि जी राहतात ती, गेलेल्यांच्या जागा रिकाम्या पडल्यामुळे मरतात. २० नोव्हेंबरला दुरुतीही माद्रिदमध्ये गोळी लागून गेला. मेराने लष्करीकरण मान्य केले. मार्च १९३७ मध्ये ग्वादालाहाराला मुसोलिनीने पाठवलेल्या इटालियन फौजेचा जो पराभव झाला, त्यात १८ तारखेला ब्रिउएगा गाव घेणाऱ्या डिव्हिजनचा सेनापती हा गवंडी होता. त्याच्यासारखाच दुसऱ्या पक्षाचा लिस्तर, जातिवंत पाथरवट. मोदेस्तो लाकूडकामगार, एब्रो नदीवर १९३८ साली सुमारे ऐंशी हजारांची फौज त्याच्या हाताखाली होती. गवंड्याला सेनापती होता येत नाही असे ज्यांचे म्हणणे असेल त्यांनी हे ध्यानात घ्यावे. मात्र गवंडी गवंडी राहूनच सेनापती झाला नाही, त्याला शिकावे लागले, हेही तितकेच खरे.

शिकण्यावरून आठवले. या सैन्याचे मला सर्वांत जवळचे वाटणारे अंग बंदुकीचे नाहीच. जानेवारी १९३७ मध्ये 'संस्कृतीची पथके' स्थापन झाली. शाळामास्तर पलटणींना जोडून दिले आणि खंदकात साक्षरतेचे वर्ग सुरू झाले. त्यासाठी खास अंकलिपी छापली. तिच्यात झाडा-पानांऐवजी प्रजासत्ताकाची वाक्ये घालून अक्षरे शिकवलेली. शिपाई घरी पहिले पत्र स्वतःच्या हाताने लिहू लागले. पन्नाशीतही इंग्रजी पुस्तक वाचताना शेजारी कोश उघडून ठेवणाऱ्या माणसाला यात काय दिसते ते मी निराळे सांगत नाही.

आपल्याकडच्या एका माणसाचाही या इतिहासाशी संबंध येतो. इंग्रज स्वयंसेवकांच्या पलटणीला नाव दिले होते मुंबईत जन्मलेल्या शापुरजी सकलातवाला यांचे. ते लंडनमधून पार्लमेंटवर निवडून गेलेले कम्युनिस्ट, १९३६ च्या जानेवारीत वारले होते. या ब्रिगेडीत नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार 'जॉन स्मिथ' या नावाने लढले. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह म्हणून त्यांचे नाव महाराष्ट्राला ठाऊक होते. लंडनला वृत्तपत्रविद्या शिकायला गेलेला हा गृहस्थ १९३७ साली स्पेनला पोहोचला, १९३८ च्या वसंतात फ्रांकोच्या हाती सापडला आणि बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या या मठात, त्या वेळच्या तुरुंगात, काही महिने राहून सुटला. त्या तुरुंगातही कैद्यांनी एकमेकांसाठी वर्ग चालवले होते.

मग सरकारी बाजू हरली का? मी कारखान्यातला माणूस, म्हणून आधी भांडार पाहतो. फ्रांकोला जर्मनी आणि इटलीकडून विमाने, तोफा, माणसे उधारीवर आणि नियमाने मिळत. एका अमेरिकन तेल कंपनीने त्याला पेट्रोलही उधारीवर दिले. सरकारला मिळे ते रशियाकडून सोने मोजून, आणि बाकी जगाच्या चोरबाजारातून. रायफली इतक्या देशांच्या आणि इतक्या मापांच्या, की एका पलटणीची काडतुसे शेजारच्या पलटणीला चालत नसत. ज्या कारखान्यात प्रत्येक नटाला वेगळा आटा आहे तेथे कामगारांच्या शिस्तीवर निबंध लिहिण्यात अर्थ नाही.

हे झाले तरी घरची गोष्ट उरतेच. आधी युद्ध जिंका, क्रांतीचे मग पाहू, असे एक पक्ष म्हणे; क्रांती सोडली तर माणसे लढतील कशासाठी, असे दुसरा. ३ मे १९३७ ला बार्सिलोनात पोलीस टेलिफोन केंद्र ताब्यात घ्यायला गेले. ते केंद्र कित्येक महिने कामगार संघटना चालवीत होती आणि मंत्र्यांची संभाषणेही तिच्या हातांतून जात. कोणतेही सरकार हे सहन करणार नाही. आणि कोणतीही संघटना लढून मिळवलेली जागा निमूट सोडणार नाही. पाच दिवस शहरात आपलेच आपल्यांवर गोळ्या झाडत होते, शेकडो मेले. त्यानंतर लार्गो काबायेरोचे सरकार पडले, ऑरवेल ज्या पक्षाच्या पथकात होते त्यावर बंदी आली आणि त्याचा नेता आंद्रेऊ निन याला गुप्तपणे ठार करण्यात आले. सैन्य एकहाती झाले, पण कोणाच्या हाती, हा प्रश्न आता खंदकातल्या शिपायाच्या मनात घर करून बसला. एकमुखी हुकूम हवाच होता. मेरासारख्यांनी तो स्वखुशीने मान्यही केला होता. तो मान्य करणाऱ्याला त्याच्याच पाठीमागे बढत्या, शस्त्रे आणि टपाल पक्षाच्या शिक्क्यावर वाटले जात असल्याचे दिसले, तर त्याने काय समजावे? ज्याला संपात उतरवले आणि वाटाघाटीच्या खोलीबाहेर ठेवले, त्या कामगाराचा चेहरा मी पाहिलेला आहे.

त्याचा परिणाम मार्च १९३९ मध्ये दिसला. कर्नल कासादो याने माद्रिदमध्ये स्वतःच्याच सरकारविरुद्ध उठाव केला, फ्रांकोशी सन्मानाने तह करता येईल या आशेने. आणि त्याला साथ दिली मेराच्या फौजेने. माद्रिदच्या रस्त्यांत कम्युनिस्ट पलटणी आणि मेराच्या पलटणी एकमेकींवर तुटून पडल्या. फ्रांकोने तह केला नाही. २८ मार्चला त्याचे सैन्य शहरात आले आणि १ एप्रिलला युद्ध संपल्याचे जाहीर झाले. युद्धात आणि त्यानंतर फ्रांकोच्या बाजूने दिलेल्या देहदंडांची आणि केलेल्या कत्तलींची संख्या इतिहासकार दीड लाखाच्या आसपास धरतात. सरकारी बाजूकडून मारले गेलेले पन्नास हजारांच्या जवळपास.

मेरा विमानाने आल्जीरियात ओरानला निसटला. तेथून मोरोक्को, १९४२ साली त्याला पकडून स्पेनच्या हवाली करण्यात आले. फाशीची शिक्षा झाली, ती तीस वर्षांच्या कैदेवर आली, आणि १९४६ साली तो सुटला. दुसऱ्या वर्षी फ्रान्सला गेला. एका लष्करी कोअरचा हा माजी सेनापती पॅरिसच्या इमारतींवर पुन्हा थापी आणि ओळंबा घेऊन उभा राहिला, आणि म्हातारपणापर्यंत गवंडीकाम करीत राहिला. ऑक्टोबर १९७५ मध्ये तो वारला. त्याच्यानंतर महिन्याभराने, २० नोव्हेंबरला, फ्रांको.

वेळ बराच झाला आहे. समोर काही तरुण मंडळी मघापासून चिठ्ठ्या लिहीत आहेत. अध्यक्षांची परवानगी असेल तर त्यांचे प्रश्न आता घेऊ.